पैलवान सरांची झोप

पैलवान सरांची झोप ही त्यांची एकट्याची कधीच नव्हती, ती सगळ्या शाळेची होती. मधल्या सुट्टीत भाकरी खाऊन, नळावर चूळ भरून ते मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली लोखंडी खुर्चीत टेकले, की बघता बघता घोरणं सुरू व्हायचं. आधी बारीक घरघर, मग ती चढत चढत पार पाचवीच्या वर्गापर्यंत जायची. मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून नवा रुजू झालो तेव्हा पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना विचारलं होतं, "शाळेला लागून पिठाची गिरणी आहे का?" ते म्हणाले, "हाय. चला, वळख करून देतो."

त्यांचं खरं नाव उत्तरेश्वर, पण ते फक्त पगारपत्रकावर. लिंबागणेशच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची शाळा आणि तिथे ते शारीरिक शिक्षण शिकवायचे. तरुणपणी त्यांनी जिल्ह्यातले बरेच फड मारलेले. कुस्तीनं कान मुडपून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले. मान अशी वेगळी दिसायचीच नाही. डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं. शर्टाचं वरचं बटण आयुष्यात कधी लागलं नाही. शाळेच्या फोटोसाठी एकदा शिक्षणाधिकारी आले, टायचा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी टाय खिशातून बाहेर लोंबती ठेवली आणि म्हणाले, "साहेब, माझ्या गळ्याला काही बांधू नका. जीव घाबरतो."

सहकाऱ्यांना ते नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "ए गणित, चहा सांग." "इंग्रजी, तुमची पोरं आज ग्राउंडवर पाठवा." मी विज्ञान. पुढे मी त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला गेलो, तरी विज्ञानच राहिलो. मुलांना मात्र ते प्रत्येकाला बापाच्या नावासकट ओळखायचे. मार कधी दिला नाही. चुकलेल्या मुलासमोर नुसते उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून, आणि वाट बघायचे. ते पुरायचं.

त्यांची खरी ओळख होती आवाज. जत्रेच्या कुस्त्यांचं समालोचन करावं तर पैलवान सरांनी, असं आष्टीपासून परळीपर्यंत लोक म्हणायचे. त्यांच्या तोंडून कुस्ती ऐकली की आंधळ्यालाही दिसावी. पट कधी निघाला, कोण ढाक लावतोय, कुणाचा पाय मातीत रुतला, सगळं एका दमात. शाळेतही तोच सूर. हजेरी घ्यायचे तीही फडावरच्यासारखी, "आता मैदानात येतेत मुंडे पांडुरंग... आले का? आले."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि आम्ही नेत होतो. फक्त एक गोष्ट होती. सरांचं घोरणं मधेच थांबायचं. घरघर चालू असताना एकदम बंद. छाती हलायची, पोट ओढलं जायचं, पण हवा कुठून आत जाताना दिसायची नाही. मग विहिरीत बुडालेला माणूस वर यावा तसे ते हिसका देऊन श्वास घ्यायचे आणि पुन्हा घरघर सुरू. मुलांना यात खेळ सापडला होता. आवाज थांबला की ती हलक्या आवाजात मोजायला लागायची, आणि श्वास आला की टाळ्या. मी खिडकीतून बघायचो. एका दुपारी मोजणं चालू झालं ते संपेचना. मुलांचे आवाज एकेक करत बारीक होत गेले आणि सगळी गप्प उभी राहिली. सरांचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. मी धावत खाली पोचलो तेवढ्यात त्यांनी हिसका दिला, डोळे उघडले, भोवतीचा गराडा बघितला आणि विचारलं, "काय बे, कावून जमलात सगळे?"

तो खेळ त्या दिवशी बंद झाला. मुलांनी आपणहून बंद केला.

घरी मंदाकिनी वहिनी होत्या. मुलगा पुण्याला नोकरीला. वहिनी अंगानं बारीक, बोलायला हळू. एकदा मी त्यांना विचारलं, या आवाजात तुम्हाला झोप कशी लागते. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आवाज चालू हाय तवर लागते की. बंद पडला की जाग येते. मग खांद्याला धरून हलवते. लग्न झाल्यापासून असंच चाललंय, सर. माझा हातच झोपत न्हाई आता."

त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या, म्हशीचं दूध काढायच्या वेळा सांगाव्यात तशा.

नारायणगडाच्या बाजूला एका गावात जत्रेच्या कुस्त्या होत्या. सर मला बळंच घेऊन गेले. दुपारचं ऊन, माणसांनी भरलेलं मैदान, चारी कोपऱ्यांत भोंगे. शेवटून दुसरी कुस्ती लांबली. दोघे पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते उभे होते. सर मंचावर खुर्चीत माईक धरून बोलत होते. "दोघंबी अंदाज घेतेत मंडळी... घाई न्हाई... ताकदीची न्हाई, डोक्याची कुस्ती हाय... घाई..." आवाज खाली खाली गेला आणि चारी भोंग्यांतून घोरणं सुरू झालं.

सगळं मैदान हसलं. मातीतले पैलवानसुद्धा हसले, त्यांची पकड सुटली. माईक सरांच्या तोंडाशीच होता. मग आवाज थांबला. लोक अजून हसतच होते, पण हळूहळू हसण्यातला जोर गेला, कारण भोंग्यातून आता दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. ओल्या मातीतून पाय काढताना येतो तसा बारीक चिकट आवाज, पुन्हा पुन्हा. आतून काहीतरी उघडायला बघत होतं आणि उघडत नव्हतं. हलगीवाल्यानं उचललेली काठी तशीच हातात धरलेली. मंचाजवळचा एक म्हातारा म्हणाला, "आरं, बगा की त्याला कुणीतरी." मी पायऱ्या चढत होतो तेव्हा भोंग्यांतून कापड टरकावं तसा श्वास आला. सर जागे झाले आणि जिथं सोडलं होतं तिथूनच धरलं, "...घाई करायची न्हाई, मंडळी."

कुणी हसलं नाही. परतताना त्यांनी मला विचारलं, "विज्ञान, मधेच लोक कावून गप झालते?" मी सांगितलं. त्यांनी तळहातानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "भोंग्यातून ऐकू गेलं? सगळ्यांला?"

त्याच वर्षी त्यांचे थोरले भाऊ वारले. नामदेवदादा. ते मेंढरं राखायचे, शिक्षण नाही, पण अंगानं सरांसारखेच, तशीच मान, तसंच घोरणं. दुपारी बाभळीच्या सावलीला टेकले, मेंढरं सांजेला आपली आपण वाड्याकडे निघाली, आणि दादा उठले नाहीत. दहाव्याला जमलेले लोक म्हणत होते, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, कुणाला त्रास नाही, त्याला स्वतःलाही नाही. सर सगळ्यांपुढे हात जोडत होते. मग मला घेऊन नदीकडे गेले. पात्र कोरडं होतं. एका दगडावर बसून म्हणाले, "त्रास न्हाई म्हंतेत. ह्यांला काय म्हाईत?"

मी शेजारच्या दगडावर टेकलो.

"मला रोज एकच सपान पडतंय. कुस्ती चाललीय. समोरच्यानं गळा धरलाय. नियमात बसत न्हाई ते, पण पंच शिट्टी वाजवत न्हाई. मी त्याचा हात काढायला बघतो तर हातच सापडत न्हाई. त्याचं तोंड बी दिसत न्हाई." त्यांनी मानेवरून हात फिरवला. "दादाला बी तसंच पडत असंल. त्यानं कुणाला सांगितलं न्हाई, एवढंच."

त्यानंतर ते झोपेला भ्यायला लागले. शिक्षकांच्या बैठकीत उभे राहायचे. गालात लवंग धरायचे, डोळ्यांवर पाणी मारायचे, भिंतीला पाठ लागू द्यायचे नाहीत. पण झोप त्यांना बसल्या, उभ्या, बोलता बोलता गाठायची. आम्ही तालुक्याच्या स्पर्धा आटोपून त्यांच्या मोटरसायकलवर मांजरसुंब्याचा घाट उतरत होतो. मी मागे. ते मोठ्यानं बोलत होते, आपल्या कबड्डीच्या पोरींनी कशी चढाई केली ते. वाक्य अर्ध्यावर राहिलं. मला वाटलं, वाऱ्यानं ऐकू आलं नसेल. मग गाडी कठड्याकडे सरकायला लागली, अगदी सावकाश, जणू कुणी ठरवून वळवत होतं. मी त्यांच्या खांद्यावर दोन्ही हातांनी मारलं. गाडी कठड्याला घासली, माझा गुडघा सोलला, आणि ती पडता पडता थांबली.

सर खाली उतरले. कठड्यापलीकडे वाकून दरीत बघितलं. मग माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मोटरसायकलची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "आता कुठल्या डॉक्टरकडं जायचं ते सांग," ते म्हणाले. "जिथं म्हणशील तिथं येतो."

अंबाजोगाईला कान-नाक-घशाच्या एक डॉक्टर होत्या, नाझनीन मॅडम. दवाखाना छोटा, त्या वयानंही लहान, पण बोलणं नेमकं. त्यांनी सरांना एक रात्र दवाखान्यात ठेवून, अंगाला तारा लावून झोपेची तपासणी केली. दुसऱ्या दिवशी कागद समोर ठेवला पण त्यातले आकडे सांगत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुम्हाला वाटतं तुम्ही रात्रभर झोपता. तुम्ही झोपत नाही, तुम्ही रात्रभर गुदमरता. प्रत्येक वेळी मेंदू तुम्हाला उठवतो, म्हणून तुम्ही आज इथे बसला आहात. हृदय हे किती दिवस सोसेल, मला सांगता येत नाही."

आधी त्यांनी मशीन दिलं. तोंडानाकावर मुखवटा बसवायचा, त्यातून हवेचा दाब घशात जातो आणि वाट उघडी राहते. हा पहिला आणि चांगला उपाय आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सरांनी आठवडाभर प्रामाणिकपणे लावलं. पण आमच्याकडची वीज. मधेच गेली की हवा बंद, आणि सर मुखवट्याच्या आत गुदमरून उठायचे, पट्टे ओरबाडून काढायचे. "घोड्याला तोबरा बांधत्यात तसं वाटतं," ते म्हणाले. "आन् वरून तोबऱ्यात दाणे न्हाईत." महिन्याभरात मशीन फळीवर गेलं. वहिनींनी धूळ बसू नये म्हणून त्यावर धुतलेलं फडकं झाकलं.

आम्ही पुन्हा अंबाजोगाईला गेलो. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, पण आधी घसा नक्की कुठे बंद होतो ते बघावं लागेल. त्यासाठी औषधानं हलकी झोप आणायची आणि नाकातून बारीक दुर्बीण सोडायची. झाल्यावर त्यांनी सरांना आणि मला पडद्यावर ते चित्र दाखवलं. सरांचाच हट्ट होता, मला बघायचंय.

आधी गुलाबी, ओली, गोल वाट दिसली. श्वासाबरोबर ती जरा लहानमोठी होत होती. मग मागची टाळू सैल होऊन आत झुकली, दोन्ही बाजूच्या भिंती जवळ आल्या, आणि वाट मिटली. पिशवीचं तोंड नाडी ओढून बंद करावं तशी. पडद्यावर नुसतं मांस होतं, थरथरणारं. खाली कुठेतरी छाती ओढ घेत होती, त्यानं ते आणखीच घट्ट होत होतं. खोलीत आम्ही तिघे होतो आणि कुणीच श्वास घेत नव्हतं.

वाट उघडली तेव्हा सरांनी आपल्या मांडीवरचा हात उचलला. मांडीवर बोटांचे ठसे उमटले होते.

"हाच तो," ते म्हणाले. मॅडमना कळलं नाही. मला कळलं.

शस्त्रक्रिया कशी ते त्यांनी समजावलं. बाहेरून एकही काप नाही, सगळं तोंडातून. टाळूचा सैल भाग दोऱ्यानं ताणून घट्ट करायचा. त्या दोऱ्याला बारीक काटे असतात, ते आत रुतून राहतात, गाठ मारावी लागत नाही. जादा मांस विजेच्या सुईनं आकसवायचं. पूर्वीसारखं कापून काढत नाहीत. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता हे नीट ऐका, सर. तुमचा घसा दोन ठिकाणी बंद होतो. वर टाळूशी जास्त, आणि खाली जिभेच्या मुळाशी थोडा. मी वरचं दुरुस्त करणार. खालचं तसंच राहणार. घोरण्याचा आवाज मुख्यतः वरून येतो, तो बहुतेक जाईल. पण आवाज गेला म्हणजे आजार गेला, असं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा झोपेची तपासणी करायची. तोवर मशीन सोडायचं नाही, वजन उतरवायचं, उताणं झोपायचं नाही, गाडी चालवायची नाही."

सरांनी मान हलवली. मग एकच प्रश्न विचारला. "माझा आवाज?"

"स्वरयंत्राला मी हात लावणार नाही. काही दिवस बोलणं नाकातून येईल, पाणी पिताना नाकात चढेल. मग बसतं."

"फडावर बोलता येईल?"

"येईल."

"मग करा," सर म्हणाले.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. मॅडमच्या हाताला यश होतं, त्यात शंका नाही. पैलवान सर पंधरा दिवस गार पेज आणि आईस्क्रीमवर जगले. कपातला बारीक लाकडी चमचा त्या पंजात दिसायचासुद्धा नाही. बोलणं मना होतं, म्हणून टिचक्या वाजवायचे. एक टिचकी पाणी, दोन टिचक्या वहिनींना बोलावणं. पहिल्यांदा पाणी प्यायले तेव्हा ते नाकातून आलं आणि ते स्वतःच हसायला लागले, हसण्यानं दुखलं, डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिले. पहिला शब्द बोलले तो नाकात, गुणगुणल्यासारखा. "ए विज्ञान." वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

आणि खरंच, घोरणं गेलं.

किती गेलं म्हणून सांगू. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला कान लावला तरी काही नाही. गल्लीतले लोक येऊन बघून गेले. समोरचा किराणावाला म्हणाला, "सर, आता चोर आले तर आमाला कळायचं कसं?" सर महिनाभर तरतरीत होते. वजन जरा उतरलं, चेहरा उजळला, पुन्हा फडावर गेले. आवाजात किंचित फरक होता, पण लोक म्हणाले, अजून गोड झालाय. मोटरसायकलची किल्ली त्यांनी माझ्याकडून परत मागून घेतली.

वहिनी एकदा मला म्हणाल्या, "सर, खोटं वाटंल, पण मी पहाटंपर्यंत गाढ झोपते. घर लई मोठं झाल्यावानी वाटतंय. आन् हे लेकरावानी झोपतेत." त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. हातसुद्धा झोपायला लागला होता.

तीन महिने होऊन गेले. मी तपासणीची आठवण केली. सर म्हणाले, "जाऊ की." मग वजन पुन्हा चढलं. मग एका दुपारी मी वर्गातून शिक्षकांच्या खोलीत आलो तर ते खुर्चीत मागे डोकं टाकून झोपले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पंखा बंद होता, वीज नव्हती. इतकी शांतता होती की मैदानावरच्या चिमण्या ऐकू येत होत्या. मी हजेरीपत्रक ठेवलं आणि सहज त्यांच्याकडे बघितलं. छाती वर जात होती आणि पोट आत ओढलं जात होतं, छाती खाली आणि पोट बाहेर. दोन्ही एकमेकांच्या उलट. तोंड उघडं होतं. तोंडासमोर मी हात धरला. हाताला काहीच लागलं नाही.

ओठांचा रंग बदलायला लागला तसं मी त्यांना हलवलं. ते दचकून जागे झाले, श्वास घेतला, तोही आवाज न करता.

"सर, तुमचा श्वास थांबला होता."

"घोरत होतो का?"

"नाही."

"मग?" ते हसले. "घोरत न्हाई तर थांबंल कसा? तू बी ना, विज्ञान."

मी त्यांच्यादेखत नाझनीन मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मॅडम सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "सर, हीच मला भीती होती. पूर्वी आवाज होता, तो घरच्यांना सांगत होता. आता सांगणारं कुणी नाही. उद्या या. तोवर मशीन लावा." सर फोनवर अगदी नम्रपणे हो म्हणाले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "जत्रांचा सीझन चालूय. चार ठिकाणी शब्द दिलाय. तो संपला की जाऊ."

मी वहिनींनाही सांगितलं. त्या घाबरल्या, त्या रात्री फळीवरून मशीन काढलं, पुसलं, लावून दिलं. वीज गेली. सरांनी ते काढून ठेवलं आणि वहिनींना म्हणाले, "तुला आवाज येतो का माझा? न्हाई ना? झोप मग गुमान." काही रात्री त्या उशाशी बसून राहिल्या. पण बसून काय ऐकणार? अंधारात ऐकण्यासारखं काही नव्हतंच. हळूहळू त्यांनाही झोप लागायला लागली.

त्या जत्रांमधल्या शेवटच्या फडावर मी गेलो होतो. सर चांगलं बोलले. मला मात्र सारखं वाटत होतं की माईकवरच्या दोन वाक्यांमधली जागा नेहमीपेक्षा मोठी आहे. लोकांना ते कौशल्य वाटलं. ते त्या जागेत जास्तच कान देऊन ऐकत होते. मी मंचाच्या पायरीवर उभा राहिलो, कुस्ती बघितलीच नाही. परतताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले आणि स्वतःहून म्हणाले, "सोमवारी जाऊ अंबाजोगाईला. परवा परत ते सपान पडलं." मी विचारलं, तेच का? ते खिडकीबाहेर बघत होते. "तेच. फक्त ह्या बारीला लोक बी गप हायत. हलगी बी न्हाई. नुसता त्यो आन् मी."

मी सोमवारची रजा टाकली. त्यांनीही टाकली.

रविवारी त्यांच्या अंगणात वाळवणं होती. उन्हाळा चढला होता, गल्लीतल्या बायका कुरडया घालायला वहिनींकडे जमल्या होत्या. मी माझ्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. बायकांचं बोलणं, मधेच हसणं, साच्याची करकर, सगळं कानावर येत होतं. मधूनमधून बोलणं एकदम खाली यायचं, कुजबुजीएवढं, आणि पुन्हा चढायचं. उन्हं कलली तेव्हा मला वहिनींची हाक आली. ती मोठी नव्हती. माझं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं.

अंगणात चादरीवर कुरडयांच्या ओळी होत्या, बायका उठून भिंतीला लागून उभ्या राहिल्या होत्या. माजघराचं दार सताड उघडं होतं. चहाचा कप कॉटखाली ठेवलेला, त्यावर साय धरलेली. सर उताणे झोपले होते. एक हात पोटावर, दुसरा मानेपाशी, बोटं कॉलरीत अडकलेली. मी त्यांना हलवलं. दोन्ही हातांनी हलवलं, घाटात मारलं होतं तसं. डॉक्टरला आणायला कुणीतरी गेलं होतं, पण अंग गार पडायला लागलं होतं.

वहिनी उंबऱ्यावर बसल्या. हाताला कुरडयांचा चीक वाळून पांढरा झाला होता, तो त्या नखानं खरवडत होत्या. मी त्यांच्याजवळ खाली बसलो. त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"मी हितंच होते, सर. दार उघडं होतं. बाया हसायला लागल्या की मीच त्यांला म्हणायची, हळू बोला गं, लई शांत झोप लागलीय त्यांला."